वळणाला टिकणारी चाकं

हॉस्पिटलातली कुठलीही चाकाची खुर्ची मिस्त्री स्वतः बसून पाहिल्याशिवाय वॉर्डात परत धाडत नसे. दुरुस्ती झाली की तो त्या खुर्चीत बसायचा, पाय फळीवर ठेवायचा आणि समोर दिसेल त्या वॉर्डबॉयला म्हणायचा, "चल, ने मला." वॉर्डबॉय कपाळाला आठ्या घालून त्याला तळघराच्या लांबलचक पॅसेजमधून न्यायचा, वळणाशी हळू व्हायचा, उतारावर मागून ओढून धरायचा, आणि मिस्त्री डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत राहायचा. कुठे कुरकुर आहे, कुठे खडखड, कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, सगळं त्याला बसल्या जागी कळायचं. एकदा एका नव्या नर्सने त्याला तसा डोळे मिटून बसलेला पाहिलं आणि पेशंट समजून त्याचं ब्लडप्रेशर घेतलं. ते वाढलेलं निघालं, ही गोष्ट निराळी.

नर्सची तरी काय चूक? मिस्त्रीचा चेहराच असा होता की कोणीही विचारावं, "बरं नाही का वाटत?" उभा जन्म त्याने चाकं दुरुस्त करण्यात घालवला होता. खाटांखालची चाकं, स्ट्रेचरची, औषधांच्या ढकलगाड्यांची, जेवणाच्या ट्रॉल्यांची. एक नीट करून वर पाठवावं तर दुसरं लंगडत खाली यायचं. आणि असा दिवसभर चाकांशी झटापट करून माणूस घरी आला की घरी काय? घरीही चाकाची खुर्ची. तिच्यात बेबी.

बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी बेबीच. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. त्याला कोणी विचारलं नाही आणि हिने कोणाला हो म्हटलं नाही. बेबी पोस्टात होती, घरोघर टपाल वाटायला. गावातली सगळ्यात चढउताराची बीट तिने हट्टाने मागून घेतली होती आणि सायकलवरून ती अशी फिरायची की लोक घड्याळ लावायचे सोडून तिची घंटी ऐकायचे. वळण आलं की चार माणसं ब्रेक लावतात. बेबी नुसतं अंग कलतं करायची आणि सुर्रकन पलीकडे. हवालदारसुद्धा तिला पाहून बाजूला सरकायचा.

मग दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, ताप कानात उतरला, आणि उतरला तो कानातला तोलच घेऊन गेला. उभी राहिली की जमीन एका बाजूला कलायची. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाणं म्हणजे दिव्य. डॉक्टर म्हणाले, गेलेला तोल परत यायचा नाही, पण बसून, मान टेकवून असल्या की त्या अगदी ठणठणीत. झालं. त्या दिवसापासून मिस्त्री रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून यायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि बेबीला खुर्चीत बसवून बाहेर न्यायचा. गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. बेबी पूर्ण वेळ गप्प बसायची. जन्मात कधी जी बाई गप्प बसली नाही ती गप्प बसायची, आणि तो मागून ढकलत राहायचा. खांदे भरून यायचे. कधीकधी त्याच्या मनात यायचं, आज पाऊस पडला असता तर बरं झालं असतं. मग त्याची त्यालाच लाज वाटायची.

पोस्टमास्तर माणूस भला होता. त्याने बेबीला आतल्या खोलीत टपाल निवडायच्या टेबलावर बसवलं होतं. त्या खोलीला खिडकी नव्हती. बेबीने वर्षभर तिथे पत्रं निवडली, आणि एके दिवशी पोस्टमास्तरला स्पष्टच विचारलं, "साहेब, मला माझी बीट परत हवी. काय केलं की द्याल?"

"बाई, तुम्ही उभ्या राहू शकत नाही."

"उभं राहून कुठे टपाल वाटत होते? बसूनच वाटत होते."

पोस्टमास्तरने डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "एक दिवस भरली पिशवी घेऊन पूर्ण फेरी करून दाखवा. एकटीनं. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर बीट तुमची. नाही जमलं तर मात्र पुन्हा हा विषय काढायचा नाही. नव्या माणसाची ऑर्डर महिनाअखेर निघणार आहे."

घरी येऊन तिने दादाला हे सांगितलं आणि पुढे एका वाक्यात काम सोपवलं. "तीन चाकांची बनव. पडणार नाही अशी. मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची. मान टेकलेली असली की मला काही होत नाही."

"अगं, मी खुर्च्या दुरुस्त करतो. सायकली नाही."

"चाकंच ना?" बेबी म्हणाली.

चाकंच. मिस्त्रीने हात जोडले आणि कामाला लागला. खरं सांगायचं तर त्याला आत कुठेतरी आनंदच झाला होता. ही गाडी झाली तर संध्याकाळचं ते ढकलणं सुटणार होतं. हे त्याने बेबीला सांगितलं नाही.

सांगाडा चटकन उभा राहिला. हॉस्पिटलने मोडीत काढलेल्या खाटांचे पाइप त्याने रीतसर मागून घेतले, तपासायच्या जुन्या टेबलाची गादी कापून रेलायची बैठक केली. पुढे दोन चाकं, मागे एक, मधोमध बेबी, जमिनीपासून वीतभर वर. घोडं अडलं ते पुढच्या चाकांपाशी. साध्या सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, इथे ते एकाच बाजूने धरायचं होतं. मिस्त्रीने सायकलचा नेहमीचा एक्सल लावला, वर स्वतः बसला, आणि चाक फिरायच्या आधीच पाहुण्यांसमोर लाजल्यासारखं आत वाकलं. एक्सल काढून पाहिला तर कोपरात मुडपलेला हात.

तो गेला सायकलवाल्याकडे. सायकलवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. त्याने वाकडा एक्सल उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हा असा एका बाजूनं लोंबकळणारा एक्सल अंगठ्याएवढा जाड पाहिजे. पोलादी. आणि ऐक, चाकं लहान घे. लहान, रुंद हबची, जाड तारांची."

"लहान चाक धक्के फार देतं," मिस्त्री म्हणाला. "खड्ड्यात आपटतं. मोठं चाक खड्ड्यावरून अलगद जातं. बसलेल्या माणसाला हिसका बसता कामा नये."

"अरे, माणूस हिसक्यानं मरत नाही."

"माझी मरतात," मिस्त्री म्हणाला. हॉस्पिटलातल्या माणसाला यावर कोण काय बोलणार? सायकलवाल्याने हात झटकले.

एक्सल मात्र मिस्त्रीने असा केला की बघत राहावं. हॉस्पिटलच्या जुन्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, चांगल्या पोलादाची सळई घेऊन त्याने दोन एक्सल उतरवले. आतल्या बाजूला, जिथे ते सांगाड्यात शिरतात तिथे जाड, बाहेर जरासे निमुळते. आणि जिथे जाडी बदलते तिथे कोपरा तीक्ष्ण न ठेवता गोलसर, कारण तडा नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होतो. मग त्यांना बसतील असे हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, हबात ढकलगाडीची बंद बेअरिंगं. मोठ्या सायकलच्या दोन रिम, त्यांत नेहमीच्या बारीक तारा. चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, सगळं केसाइतकं सरळ केलं. शेवटी, वेल्डिंग चालू होतंच तेव्हा, त्याने बैठकीच्या मागे एक आडवी मूठही डकवून टाकली. हाताने आपोआपच केलं. जन्मभर प्रत्येक बैठकीमागे मूठ पाहिलेला हात.

मग चाचणी. मिस्त्री स्वतः बसला, मांडीवर वाळूची पोती घेतली, गल्लीतून टाकीपर्यंत गेला आणि आला. वळण आलं की आधीपासून ब्रेक, मग हळूच, मग पुढे. डोळे मिटता येत नव्हते एवढंच; कान मात्र चाकांकडे. कुरकुर नाही, खडखड नाही. एक्सल ढिम्म. अशी त्याने आठवडाभर चाचणी घेतली आणि बेबीला म्हणाला, "बस."

बेबी बसली. मान टेकवली, दोन पेडल मारले, हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली असेल. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि तिथून टाकीकडचा उतार लागतो, तो तिने सोडून दिला. "ब्रेक! ब्रेक लाव!" म्हणत मिस्त्री धावला. टाकीपाशी रस्ता काटकोनात वळतो. बेबीने तेच केलं जे ती सगळ्या आयुष्यात करत आली होती: ब्रेक न लावता अंग कलतं केलं. अंग कललं, गाडी कुठे कलणार? तीन चाकांची गाडी सरळ राहिली आणि बेबीसकट सगळ्या वेगाचा भार बाहेरच्या चाकावर आडवा आला. कट्कट् तारा तुटल्याचा आवाज झाला, चाक मधोमध घडी पडल्यासारखं दुमडलं आणि गाडी कुंपणाच्या झुडपात घुसली.

मिस्त्री पोचला तेव्हा ती झुडपात आडवी पडली होती. कोपर सोलवटलं होतं. एक्सल तसाच सरळ, चकचकीत, आणि त्याच्यावर पिळून टाकलेल्या फडक्यासारखं चाक.

"लागलं का? हाड? पाय हलव बघू. मान हलवू नकोस."

"लागलं नाही." बेबी त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती बैठकीच्या मागे पाहत होती. "दादा, ही मूठ कशाला?"

"कुठली?"

"ही. मागची. कोणी धरायची?"

"असू दे म्हटलं. चढावर कुठे दमलीस, गरगरलं, तर मी..."

"तू? तू माझ्याबरोबर येणार टपाल वाटायला?"

"अगं, लागलंच तर..."

"लागलंच तर! दोन वर्षं तू मला त्या टाकीपर्यंत ढकलत नेतोस. वळणावर हळू करतोस. खड्ड्याशी थांबतोस. घरासमोरची मुलं सायकलवरून जातात आणि मी तिथे पार्सलासारखी बसलेली असते. मला कळत नाही का, तुझे खांदे दुखतात ते? तू उसासे टाकतोस ते मला ऐकू येतात. माझ्या कानातला तोल गेलाय, कान नाही गेला." तिने ती मूठ धरून हिसडली. "तू ही गाडी पेशंटसाठी बनवलीस."

यावर त्याने काही तरी समजुतीचं बोलायला हवं होतं. मोठ्या भावाने बोलावं असं. पण ऊन होतं, तो धावून आला होता, आणि तोंडून जे निघालं ते निघालं. "मी थकलोय गं," मिस्त्री म्हणाला. "मी फार थकलोय. सकाळी चाकं, दुपारी चाकं, संध्याकाळी तू. मला तुझं ओझं होतं. झालं समाधान?" आणि तो तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

झुडपातून बेबी म्हणाली, "एवढं बोलायला दोन वर्षं लावलीस?"

"बोलण्यासारखं आहे का ते?"

"मग आता असली चाकं लाव, जी माझ्यासारखीला पुरतील. आणि आधी मला इथून बाहेर काढ, काटे टोचतायत."

घरून खुर्ची आणून त्याने तिला तिच्यातूनच नेलं, दुसरा इलाज नव्हता. पण त्या दिवशी ती सगळी वाट बोलत होती, बहुतेक शिव्याच देत होती, आणि मिस्त्रीला ते ढकलणं तेवढंसं जड गेलं नाही.

सायकलवाल्याने दुमडलेलं चाक पाहिलं आणि दुकानातला पुठ्ठा उचलला. पुठ्ठा उभा धरून वरून दाबला. "बघ, मोडतो का? नाही. आता बाजूनं दाब." बाजूने दाबताच पुठ्ठा वाकला. "चाक असंच असतं. साधी सायकल वळताना कलते, म्हणून भार चाकावर उभाच राहतो. तुझ्या गाडीचं चाक कलत नाही. सगळा मार आडवा. तू एक्सलला पैलवान केलंस आणि त्याच्या हाती दिलीस काडी. मी तेव्हाच सांगत होतो."

"सांगत होतास," मिस्त्रीने कबूल केलं.

"आठवडाभर चालवलीस ना पण? तेव्हा कसं टिकलं?"

"मी वळणावर ब्रेक लावत होतो."

"आणि ती?"

"ती नाही लावत," मिस्त्री म्हणाला. हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बहिणीचं चाक निवडताना मात्र त्याच्या डोळ्यांपुढे बहीण नव्हतीच. होती ती वॉर्डातली कोणीतरी बाई, जिला हळूच न्यायचं.

मग दोघं मित्र दुकानाच्या मागच्या ढिगात उतरले. मुलं ज्या दणकट लहान सायकलींवरून उड्या मारतात, तसल्या दोन रिम निघाल्या, आतून दुहेरी भिंतीच्या. मिस्त्रीने नवे हब उतरवले, तारा अडकवायच्या दोन्ही कानांत आधीपेक्षा जास्त अंतर ठेवून, म्हणजे तारा बाजूला पसरून उभ्या राहतील, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या. तारा मालवाहू तीनचाकीच्या, जाड. सायकलवाल्याने त्या एकमेकींत गुंफून अशा ताणल्या की बोटाने छेडलं तर सगळ्या एकाच सुरात वाजायच्या. एक्सल तेच राहिले. मूठ मिस्त्रीने ग्राइंडरने कापून काढली आणि जागा घासून गुळगुळीत केली.

"आता चाचणी," सायकलवाला म्हणाला. "पण या वेळी तुझ्यासारखी नको. तिच्यासारखी."

मिस्त्रीने जन्मात कधी वळणावर वेग घेतला नव्हता. त्याने जाऊन टाकीचा उतार वरून पाहिला. साठीला टेकलेला माणूस, ब्लडप्रेशर वाढलेलं. तो बसला, मागे रेलला, पोती मांडीवर घेतली, आणि दोन्ही हात ब्रेकवरून काढून घेतले. उतार सुरू झाला. वारा कानात शिरला, रस्ता इतका जवळून पळायला लागला की खडी मोजावी. टाकी अंगावर आली. हात ब्रेककडे धावायला पाहत होते, त्याने ते आवळून धरले, आणि तोंडाने काहीतरी ओरडत गाडी वळवली. सगळं अंग बाहेर फेकलं गेलं, आतलं चाक जरासं उचललं गेलं, बाहेरचं चाक करकरलं. आणि टिकलं. गाडी वळून पलीकडच्या सपाटीला लागली, हळूहळू थांबली.

मिस्त्री तसाच पडून राहिला. सायकलवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, "मेलास का रे?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "असं असतं होय?" त्याने विचारलं. "ती रोज असं करायची?"

"रोज."

तो उठला नाही. दोन वर्षं तो तिला याच वळणावरून हळू, फार जपून, पाऊल पाऊल नेत होता, आणि हे तिच्यावर उपकार आहेत असं त्याला वाटत होतं.

फेरीच्या दिवशी मिस्त्रीची ड्यूटी होती. रजा टाकतो म्हणाला तर बेबीने डोळे वटारले. "कोणी हात लावायचा नाही, असं ठरलंय."

"लांब उभा राहीन."

"नकोच. तू उभा राहिलास की मागे मूठ असल्यासारखं वाटतं."

म्हणून तो कामाला गेला. एक स्ट्रेचर उलटं करून बसला आणि त्याचं एकही चाक त्याला उघडता येईना. पाना हातात धरून नुसता बसून. तळघराला छताशी एक लांबट काच आहे, बाहेरच्या जमिनीच्या बरोबरीने. तिच्यातून फाटकाचं वळण दिसतं, म्हणजे तिथून जाणारे पाय दिसतात. माणसं अशी गुडघ्यापर्यंतच. हॉस्पिटलचं टपाल बेबीच्या बीटमधलं, निम्म्या वाटेवरचं. तिची वेळ झाली. पाय आले, गेले. नर्सचे पांढरे बूट, कोणाची घाईची चप्पल, अॅम्ब्युलन्सची चाकं. वेळ टळून गेली. तिला चढावर कुठे गरगरलं असेल. कोणीतरी भला माणूस हात द्यायला धावला असेल, आणि तिथेच सगळं संपलं असेल. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

मग घंटी वाजली. काचेत आधी चाक आलं, लहान, जाड तारांचं, आडव्या माराने करकरत, अजिबात हळू न होता. आणि त्याच्या मागोमाग बेबीचा चेहरा. त्या खिडकीतून आजवर त्याला कोणाचा चेहरा दिसला नव्हता. ती इतकी खाली बसली होती की तिचं तोंड बरोबर काचेच्या उंचीला आलं. घामाने निथळलेलं, ओठ आवळलेले, नजर पुढच्या वळणावर. पिशवी निम्मी रिकामी झालेली.

ती फाटकापाशी थांबली, पहारेकऱ्याच्या हातात गठ्ठा दिला, काहीतरी चरचरीत बोलली, कारण तो हसला. मिस्त्री स्टुलावर चढला. काचेला तोंड लावून त्याने हात हलवला. बेबीने एकदा या बाजूला पाहिलंही. पण बाहेर ऊन होतं आणि आत अंधार. तिला तिथे काचेत आकाशच दिसत असणार. "अगं थांब जरा," तो म्हणाला, "पाणी तरी पी." मोठ्याने म्हणाला, पण जाड काच होती. बेबीने मान टेकवली, पेडलवर पाय ठेवले आणि निघून गेली. अजून निम्मं गाव बाकी होतं.

तो बराच वेळ स्टुलावर उभा होता. दोन वर्षं त्याने एकच गोष्ट मागितली होती, या ओझ्यातून सुटका. ती मिळाल्यातच जमा होती. आता संध्याकाळी घरी जाऊन काय करायचं, हे त्याला कळेना.

वॉर्डबॉय आत आला. "मिस्त्री, झालं का स्ट्रेचर? काय झालं, बरं नाही का वाटत?"

"काही नाही रे," मिस्त्री खाली उतरत म्हणाला. "दमलोय जरा." आणि दुरुस्त झालेल्या खुर्च्यांपैकी एकीत तो बसला. वॉर्डबॉय सवयीने मागे जाऊन उभा राहिला, तशी त्याने हाताने नको म्हटलं.